डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसाची रोजची कामं आणि साधा अँड्रॉइड फोन: घरच्या घरी काय काय बसवता येतं?

आजचा लेख जरा वेगळा आहे. नवीन फोन, नवीन अॅप असं काही नाही. घरात एखादी मोठी व्यक्ती अशी असेल की तिला उठणं, दात घासणं, आंघोळ, गोळी, कपडे या रोजच्या कामांत कुणीतरी सतत सांगत राहावं लागतं, तर त्या 'सांगण्या'तला किती भाग फोनवर टाकता येतो, ते यात आहे. सगळं नेहमीच्या अँड्रॉइड फोनवर, पैसे न देता होतं. आयफोनवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

माझ्या दादाला डाउन सिंड्रोम आहे. वय ३६. वाचता येत नाही, अंक ओळखतो, चित्रं बघून यूट्यूबवर हवं ते गाणं माझ्याआधी शोधतो. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दहा दिवस घरी नव्हती. तेव्हा आम्हाला कळलं की दादाला बहुतेक सगळं येतं, फक्त ते सुरू करायला आईचा आवाज लागतो. 'ऊठ रे', 'ब्रश कर', 'साबण लावला का?' हे ऐकू आलं नाही तर तो पलंगाच्या कडेला बसून राहायचा. आई ६८ वर्षांची आहे. त्यामुळे हा प्रश्न गुडघ्यापुरता नव्हता हे आम्हा दोघींना कळलं, बोललो मात्र नाही.

फोन हातात घेण्याआधी वही घ्या

ही पायरी सगळे गाळतात. मीही गाळली होती. सरळ रिमाइंडरचं अॅप टाकलं, 'ब्रश' असा अलार्म लावला आणि दोन दिवसांत गाडी अडकली. कारण दात घासणं हे एक काम नाहीच. मी बाजूला उभी राहून, काही न बोलता, दादा काय काय करतो ते लिहून काढलं तर अकरा टप्पे निघाले: ब्रश उचलणं, ओला करणं, पेस्टचं झाकण काढणं, पेस्ट लावणं, झाकण परत लावणं, खालचे दात, वरचे दात, जीभ, चूळ, ब्रश धुणं, जागेवर ठेवणं. यातले बहुतेक तो आपला आपण करत होता. अडत होतं ते फक्त 'पेस्ट लावणं' इथे, कारण ट्यूब संपत आली की त्याच्या बोटांत तेवढा जोर नसतो. (डाउन सिंड्रोममध्ये स्नायू मुळात सैल असतात, हाताची पकडही कमी असते.) उपाय काय तर पेस्टचा पंप. तंत्रज्ञान शून्य.

म्हणून आधी टप्पे लिहा आणि प्रत्येकापुढे खूण करा: स्वतः करतो, बोट दाखवलं की करतो, बोललं की करतो, हात धरून करवावं लागतं. फोनचा उपयोग 'बोट दाखवलं की' आणि 'बोललं की' या दोन ठिकाणीच होतो. हात धरावा लागतो तिथे फोन काही करू शकत नाही, तिथे शिकवावंच लागतं. शिकवताना शेवटून सुरुवात करा. शर्ट घालायचा असेल तर सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं एक त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. काम पूर्ण करण्याचा आनंद दरवेळी त्यालाच मिळतो. सुरुवातीपासून शिकवलं तर अर्ध्यात अडकून चिडचिड होते. विशेष शिक्षण देणारे शिक्षक ही पद्धत खूप वापरतात.

आणखी एक गोष्ट त्याच क्षेत्रातली: तोंडी सूचनेची सवय सोडवणं सगळ्यात अवघड असतं. चित्र हळूहळू लहान करता येतं, काढून घेता येतं. 'झालं का? झालं का?' मात्र घरात कायमचं मुरतं, आणि ऐकणारा प्रत्येक टप्प्याला थांबून पुढच्या हुकमाची वाट बघतो. म्हणून आवाज फक्त काम *सुरू* करायला वापरायचा आणि आतल्या टप्प्यांसाठी चित्रं, असं आम्ही ठरवलं. बाथरूममध्ये फोन न्यायचाच नाही. तिथे आरशाशेजारी लॅमिनेट केलेले फोटो आहेत: त्याचाच ब्रश, त्याचाच साबण, त्याचाच टॉवेल. नेटवरची कार्टून चित्रं लावली होती तेव्हा त्याने ढुंकून पाहिलं नाही.

आईच्या आवाजातला अलार्म

आता मुख्य भाग. गूगलचं 'क्लॉक' अॅप काही फोनमध्ये असतं, नसेल तर प्ले स्टोअरवर मिळतं. त्यात प्रत्येक अलार्मला वेगळा आवाज देता येतो, आणि तो आवाज आपण रेकॉर्ड केलेला असू शकतो. फोनच्या रेकॉर्डरवर वाक्य बोला, फाइल सेव्ह करा. मग अलार्ममध्ये घंटेच्या चिन्हावर जा, 'अॅड न्यू' निवडा आणि ती फाइल दाखवा. झालं. यासाठी इंटरनेट लागत नाही, अलार्मचा वेळी तर नाहीच.

रेकॉर्डिंग कसं करायचं यावर मात्र मी दोन आठवडे घालवले, तेव्हा तेवढं तुम्ही वाचवा. अलार्मची फाइल संपली की परत पहिल्यापासून वाजते. त्यामुळे पाच सेकंदांचं वाक्य सलग वाजत राहिलं तर घरात भांडण चालू आहे असं वाटतं. वाक्य बोलून झाल्यावर दहा-बारा सेकंद गप्प बसा, रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग ते 'दादा, गोळी. निळा डबा.' आणि शांतता, परत 'दादा, गोळी. निळा डबा.' असं माणसासारखं वाजतं. वाक्यात आधी नाव, मग एकच काम, मग वस्तू. प्रश्न विचारायचा नाही. 'उठलास का?' याला दादा झोपेतूनच 'हो' म्हणतो आणि कूस बदलतो.

आवाज कुणाचा? मी माझा टाकला होता. माझा अलार्म तो शांतपणे बंद करायचा. आईचा लागला की उठायचा. यावर घरात बरंच हसून झालंय.

दुसरी अडचण स्नूझची. स्क्रीनवर बोट फिरलं की अलार्म पुढे जातो किंवा बंद होतो, आणि काम राहूनच जातं. यावर सेटिंगपेक्षा जागा बदलणं जास्त उपयोगी ठरलं. फोन रात्री पलंगापाशी नसतो. जिथे काम तिथे फोन: बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर स्टँड, शेजारी निळा गोळ्यांचा डबा, शेजारी पाण्याचा तांब्या. अलार्म बंद करायला तिथपर्यंत यावं लागतं, आणि आलाच आहे तर गोळी समोर असते. सेटिंगमध्ये 'सायलेन्स आफ्टर' दहा मिनिटं ठेवलंय, आणि बाजूच्या आवाजाच्या बटणाने अलार्म बंद होणार नाही असं केलंय.

ज्यांनी वेगळं रिमाइंडर अॅप घेतलंय त्यांना एक इशारा. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी अॅप परस्पर बंद करतात. चार दिवस अलार्म नीट वाजतो आणि पाचव्या दिवशी गप्प. त्या अॅपसाठी बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडायला विसरू नका. थायरॉइडच्या गोळीसारखं काही असेल तर मी फोनमधल्या क्लॉक अॅपशिवाय दुसऱ्या कशावर विसंबणार नाही.

दादाची गोळी थायरॉइडचीच आहे. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी असणं बरंच आढळतं. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने. म्हणून दोन अलार्म: साडेसहाला 'गोळी', सात वाजून पाच मिनिटांनी 'चहा'. चहाचा अलार्म कधीच चुकत नाही.

झालं की नाही, हे कसं कळणार?

यासाठी महागडी अॅप आहेत. आम्ही व्हॉट्सअॅप वापरतो. आई, मी आणि दादा असा तिघांचा ग्रुप, त्याचा शॉर्टकट होम स्क्रीनवर (चॅट उघडून तीन टिंबांच्या मेनूत 'अॅड शॉर्टकट' मिळतं). गोळी घेतली की दादा त्या दिवसाच्या रिकाम्या खणाचा फोटो टाकतो. आंघोळ झाली की बदललेल्या शर्टाचा. फोटोवर वेळ आपोआप पडते, म्हणजे नोंदवही तयार. मी ऑफिसला जाताना लोकलमधून अंगठा पाठवते. तो अंगठा आला नाही तर तो मला फोन करतो, हे वेगळं.

या नोंदवहीचा खरा उपयोग मात्र आम्हाला वेगळ्याच कारणाने झाला. साधारण चार महिन्यांनी फोटो उशिरा यायला लागले. साडेसहाचा सात, मग साडेसात, मग आई उठवेल तेव्हा. आईचं म्हणणं, लाडावलाय. माझं म्हणणं, अलार्मचा कंटाळा आला असेल, म्हणून मी आवाज वाढवला, फाइल बदलली, मध्ये एकदा ढोलताशा लावला. एक दिवस मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा. त्याने काहीच उत्तर दिलं नाही, आणि मागे उभं राहून मी पुन्हा हाक मारली तेव्हाही वळला नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळ काढला. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी अरुंद असते, मळ साचून ऐकू कमी येणं नेहमीचंच आहे, शिवाय ऐकण्याचे इतर त्रासही जास्त असतात. हे आम्हाला ३६ वर्षांत कुणी ठळकपणे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर आम्ही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी फोटो सहा वाजून चौतीस मिनिटांनी आला. मी त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, 'ढोल नको.'

म्हणून हे ठळक लिहिते: येत असलेलं काम जमेनासं झालं तर आधी आळस, हट्ट किंवा अॅप यांना दोष देऊ नका. कान, डोळे, थायरॉइड तपासून घ्या. झोप नीट लागते का बघा, कारण झोपेत श्वास अडकणं डाउन सिंड्रोममध्ये बरंच असतं आणि मग दिवसभर माणूस मरगळलेला राहतो. उदासपणाही असू शकतो, घरातलं कुणी गेलं किंवा लग्न होऊन बाहेर पडलं तर विशेष. चाळिशीनंतर अल्झायमरची शक्यता इतरांपेक्षा खूप आधी येते, हे खरं आहे, पण बाकीचं सगळं तपासल्याशिवाय तिथे उडी मारायची नाही. डॉक्टरांकडे जाताना 'हल्ली करत नाही' असं सांगण्यापेक्षा चार महिन्यांचे वेळेसकट फोटो दाखवले तर त्यांनाही नक्की कधीपासून ते समजतं.

आंघोळीचं पाणी आणि गॅस

इथे चूक झाली तर भाजतं, म्हणून जरा सविस्तर. साठ अंशांचं पाणी कातडी काही सेकंदांत भाजवतं. स्टोरेज गिझरला थर्मोस्टॅट असतो. आमचा ६५ वर होता, तो इलेक्ट्रिशियनकडून ५० च्या खाली आणला. सोलरच्या पाण्याला असा काटा नसतो, उन्हाळ्यात ते उकळत्यासारखं येतं, त्यामुळे तिथे मिक्सिंग नळच हवा. आणि बादलीचा नियम एकच: आधी गार, मग गरम. गार नळाला निळी टेप, गरम नळाला लाल, आणि बादलीला आतून निळ्या पट्टीची खूण, तिथपर्यंत गार. हे दादाला एका आठवड्यात जमलं.

गिझर वेळेवर चालू-बंद करायला स्मार्ट प्लग घ्यावा असं वाटत असेल तर आधी अँपिअर बघा. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा १३. सहा किंवा दहा अँपिअरचा स्वस्त प्लग तिथे लावलात तर तो वितळू शकतो. १६ अँपिअरचाच घ्या. आणि वायफाय गेलं तरी प्लगमध्ये ठरवलेली वेळ चालते का, हे घरी राउटर बंद करून एकदा बघा.

गॅसबद्दल आमचा निर्णय झाला: दादा शेगडी वापरत नाही, इंडक्शन वापरतो. भांडं उचललं की बंद होतं, टायमर लावता येतो, ज्योत नाही. त्यावर तो चहा करतो, मॅगी करतो, दूध तापवतो (उतू जातं, ते सगळ्यांचंच जातं). आई गॅस वापरतेच, म्हणून गळतीचा अलार्म बसवलाय. तो जमिनीपासून फुटभरावर लावायचा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. शेजाऱ्यांकडे तो छताजवळ लावलेला पाहिला, तिथे त्याला कळेपर्यंत उशीर होईल.

जे आम्हाला उपयोगी पडलं नाही

स्मार्ट स्पीकर. लोक पहिल्यांदा तोच सुचवतात. दादाचे उच्चार घरच्यांना कळतात, मशीनला कळत नाहीत. तो तीनदा बोलायचा, स्पीकर तीनदा 'माफ कीजिए' म्हणायचा, आणि दादा खट्टू होऊन बसायचा. आता तो स्पीकर आईच्या अभंगांसाठी आहे. ज्यांचे उच्चार स्पष्ट आहेत, हातांचा प्रश्न आहे, त्यांना स्पीकर खूप कामाचा, हेही सांगते.

क्यूआर कोडची चिकटपट्टी. वॉशिंग मशीनवर कोड, स्कॅन केला की व्हिडिओ. ऐकायला छान, पण कॅमेरा उघडा, धरा, लिंक दाबा, हेच तीन टप्पे झाले. त्याऐवजी मशीनच्या दोन बटणांवर लाल-हिरवे ठिपके लावले.

खोलीत कॅमेरा. हा आम्ही लावलाच नाही. नातेवाइकांनी सुचवला, 'त्याला काय कळतंय' असंही म्हणाले. त्याला कळतं. कपडे बदलताना दार लावून घेतो तो. दाराचा सेन्सर, फोटो, फोन एवढ्यात भागतं. शिकवायचे व्हिडिओ काढायचे तर त्यात माझे हात दिसतात, तो नाही, आणि आंघोळीचा व्हिडिओ नाहीच.

फोन चुकून बिघडू नये म्हणून

होम स्क्रीनवर एकच पान ठेवा. क्लॉक, कॅमेरा, व्हॉट्सअॅपचा ग्रुप, यूट्यूब, आणि तीन माणसांचे फोटो. फोटो दाबला की थेट फोन लागेल असं करायचं असेल तर विजेटमध्ये 'डायरेक्ट डायल' शोधा. एखादं अॅप उघडलं की त्यातून बाहेर जाताच येऊ नये असं हवं असेल तर सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात 'अॅप पिनिंग' आहे, बाहेर पडताना पिन विचारण्याची सोयही आहे. आम्ही ते फक्त व्हिडिओ बघताना वापरतो, कायम नाही. आयफोन असेल तर 'गायडेड अॅक्सेस' तेच काम करतं, आणि आयओएस १७ पासून, म्हणजे २०२३ पासून, 'असिस्टिव्ह अॅक्सेस' नावाची सोय आहे. त्यात सगळा फोनच मोठ्या चौकोनांचा होतो. त्या बाबतीत आयफोन पुढे आहे, किंमत तुम्हाला माहीतच आहे.

सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' उघडून रक्तगट, औषधं आणि दोन नंबर भरा. ते लॉक स्क्रीनवरून कुणालाही बघता येतात. पॉवर बटण सलग पाच वेळा दाबलं की आपत्कालीन फोन जाण्याची सोय अनेक फोनमध्ये असते. दादाला ते बटण टकटक करायची सवय आहे, दोनदा ११२ ला फोन गेला, म्हणून आम्ही ती बंद ठेवली. मॅप्सवरून लोकेशन शेअर केलंय, त्याला विचारून. त्यालाही माझं दिसतं, आणि मी ऑफिसातून उशिरा निघाले की तो ते आईला सांगतो.

पैशांचं थोडक्यात: दुधाच्या पिशवीसाठी तो रोख नेतो. यूपीआय द्यायचंच असेल तर २०२४ मध्ये आलेली 'यूपीआय सर्कल' बघा. त्यात प्रत्येक पेमेंटला तुमची मंजुरी लागेल असं ठेवता येतं. त्याला तुमचा पिन पाठ करायला लावू नका.

आणि फोन बदलण्याआधी: अलार्मच्या आवाजाच्या फायली क्लॉक अॅपबरोबर आपोआप नवीन फोनवर येतील असं धरू नका. रेकॉर्डिंगचं फोल्डर गूगल ड्राइव्हवर, एका पेनड्राइव्हवर आणि माझ्या लॅपटॉपवर, असं तीन ठिकाणी आहे. आईने गेल्या महिन्यात बसून आणखी बावीस वाक्यं रेकॉर्ड केली. त्यातली बरीच अजून कुठल्या अलार्मला लावलेली नाहीत. 'दादा, स्वेटर घाल' आहे, 'दादा, दार लावून घे' आहे, आणि एक 'दादा, ताईला फोन कर' असं आहे. मला तो कधीच ताई म्हणत नाही, मी धाकटी आहे. ते मी परत रेकॉर्ड करून घेणार आहे.